माझी जागा उगवतीच्या भिंतीवर

मी एक जुना बीकन आहे. साबणाच्या वडीएवढी डबी समजा, समोर आवाज सोडणारे तोंड. डोणगावच्या बियाण्यांच्या गोदामात आम्ही चौघे चार भिंतींवर राहतो. आम्ही सतत आवाज देतो. तो माणसाला ऐकू येत नाही, पण पोती वाहणाऱ्या रोबोट गाडीला येतो. कोणाचा आवाज किती वेळात पोहोचला, यावरून ती आपली जागा ओळखते. मित्रांनो, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मला मुका समजू नका, मला राग येतो!

इंद्रभान नावाच्या तंत्रज्ञाने दोन दिवस टेप धरून आमच्या जागा मोजल्या. पोती आड येणार नाहीत इतक्या उंचीवर आम्हाला बसवले आणि त्या जागा गाडीच्या नकाशात भरल्या. "आता यायले हालवू नका," असे त्याने बजावले होते.

गाडीचे नाव मजुरांनी हरण्या ठेवले. पाठ गेल्यापासून गोदामातल्या जुन्या मजूर जनकाबाईंना पोते उचलवत नव्हते. हरण्या पोती आणून देई आणि त्या बसून बी निवडत. त्यांचे काम टिकले ते असे.

मग खंडेनवमी आली. मालक उत्तमरावांनी आम्हाला उतरवले, ओल्या फडक्याने पुसले, पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले. छान वाटले, खोटे कशाला बोलू? पण फडक्याबरोबर, कोण कुठल्या भिंतीचा ते सांगणाऱ्या आमच्या आकड्यांच्या चिठ्ठ्याही निघाल्या. मला मावळतीच्या भिंतीवर अडकवले आणि तिथल्या भावाला माझ्या जागी!

दसऱ्यानंतर हरण्या निघाला तो भलतीकडेच गेला आणि पोत्यांच्या थप्पीवर आदळला. मी जीव तोडून ओरडत होतो, पण चुकीच्या भिंतीवरून. चूक मालकांची आणि बोल हरण्याला! गाडी परत पाठवायचे ठरले. जनकाबाईंनाही उद्यापासून येऊ नका म्हणाले.

जनकाबाईंनी माझा फुटका कोपरा निरखला आणि मालकांना म्हणाल्या,

"भाऊ, हा कोपरा फुटलेला तं उगवतीकडचा व्हय. जाळे काढताना माह्याच काठीनं फुटला. तुम्ही अदलाबदल केली."

"तुमाले काय समजते मशिनीतलं?"

"मशिनीतलं नाही समजत. भिंती समजतात."

कुरकुरत का होईना, उत्तमरावांनी आम्हाला आपापल्या भिंतीवर परत लावले. हरण्या सरळ आला आणि जनकाबाईंपुढे थांबला. त्याची माफी कोणी मागितली नाही. जनकाबाईंचीही नाही.

मित्रांनो, कोणाला मान द्यायचा तर तो त्याच्या जागेवर येऊन द्या. यंदा उत्तमराव पुन्हा फडके घेऊन आले, तेव्हा जनकाबाई काठी आडवी धरून उभ्या राहिल्या.

"कुकू लावा, पण तिथंच. आन् त्याच्या तोंडाले नका लावू."

उत्तमराव शिडी आणायला गेले.