टायर तपासणाऱ्याचा सरासरी वेग

दिलेले

टायरच्या कारखान्यामागचा गोल रस्ता. एक फेरी दोन किलोमीटर. आठ तासांत तीनशे फेऱ्या मारायच्या, टायर किती झिजला ते लिहायचं आणि घरी जायचं. गाडीत चालक एकटाच. बाकीच्या सीटवर माणसांच्या वजनाची वाळूची पोती. त्यांनाही पट्टे बांधावे लागतात, नाहीतर गाडी कुरकुरते. बायको गेल्यापासून दिवसभरात तो बोललाच, तर या पोत्यांशी.

काढायचे

मुलीचा फोन. ती परगावी हॉस्टेलवर राहून शिकते.

"बाबा, वर्गात तुमच्यावर गणित घातलं मी. आठ तासांत सहाशे किलोमीटर. चाल पंचाहत्तर. सरासरी वेग किती?"

"तेवढाच की."

"शून्य. वेग काढताना निघालात तिथून किती लांब पोचलात ते बघतात. तुम्ही तर तिथेच."

"हे साहेबांच्या कानावर घालू नकोस."

ती हसली. मग म्हणाली, "रविवारी चार ते पाच भेटता येतं. आई गेल्यापासून तीनदा येतो म्हणालात. या वेळी चारला नसलात, तर मी पुन्हा नाही बोलावणार."

कृती

रविवारी तीन पंचावन्नला तो तिच्या गावात होता. बागेला वळसा घालणारा मोठा चौक. फेरीला तीन मिनिटं. हॉस्टेलची पाटी त्याने पहिल्याच फेरीत वाचली. मुलीसमोर बसून बोलायचं काय, ते ठरेना. वळण मात्र हातांच्या सवयीचं होतं.

अजून एक फेरी.

अजून एक.

पंधराव्या फेरीला पोलिसाने हात केला.

"काका, रस्ता सापडत नाहीये का?"

"सापडलाय."

"मग वळा ना. तुम्हाला बघून मलाच गरगरायला लागलंय."

उत्तर

पावणेपाच. ती फाटकाजवळच्या बाकावर बसली होती.

"चारला म्हटलं होतं मी."

"चौकात फिरत होतो. तुझ्याशी काय बोलावं ते कळत नव्हतं."

"मग? कळलं?"

"नाही."

ती थोडी सरकली. तो बसला. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. पाचची घंटा झाली.

"पुढच्या रविवारी येऊ?"

"मी बोलावलेलं नाही."

"माहितेय. मीच विचारतोय."

ती उठली, फाटकापर्यंत गेली.

"या," पाठमोरीच म्हणाली. "काही सुचलं नाही तरी या."