संपर्क तुटलेले

शोधनिबंधात मला सगळ्यात भरवशाची वाटते ती पहिली आकृती. वरच्या चौकोनात किती रुग्ण घेतले, खाली कोणाला कुठली गोळी दिली, त्याखाली किती गळाले आणि का. प्रस्तावनेत थापा मारता येतात, चर्चेत तर मारतातच. चौकोनांची बेरीज मात्र जुळावी लागते. आमच्या हृदयरोग विभागाचे निबंध अकरा वर्षं मीच बांधते. लेखकांच्या यादीत शेवटचं, मानाचं नाव प्रोफेसर चाकारोवांचं. माझं कुठेतरी मधे.

या खेपेला रुग्ण दोनशे बारा. निम्म्यांना रक्तदाबाची नवी गोळी, निम्म्यांना जुनी. कोणाला कुठली, हे शेवटी यादी उघडल्यावरच कळलं. नवीने दाब झकास उतरला होता. 'संपर्क तुटला' या चौकोनात जुन्या गोळीचा एक माणूस होता, नवीचे आठ. परिचारिका रादकाला विचारलं, तर म्हणाली, तीनदा फोन केला, उचलला नाही, नियमाप्रमाणे लिहिलं. खोटं काहीच नव्हतं.

चौऱ्याण्णव क्रमांकावर माझी झ्लातका मावशी होती. तिला या चाचणीत मीच घेतलं होतं, आणि तिच्या वाट्याला नवी गोळी आली होती. चाचणी संपली तरी गोळी बनवणारी कंपनी वर्षभर गोळ्या फुकट देत होती, त्यामुळे मावशी रोज सकाळी कॉफीनंतर ती घेतच होती.

दुसऱ्या दिवशी शहराच्या कर्शियाका भागातल्या बसथांब्यावर उभी होते. काचेवर मेलेल्यांचे कागद चिकटवलेले होते, आमच्याकडे घरची माणसं थांब्यांवर, दारांवर लावतात तसे, फोटो आणि खाली चार ओळी. त्यातून क्रमांक एक्केचाळीस, संपर्क तुटलेल्या त्या आठांतला एक, माझ्याकडे बघत होता. 'सहा महिने तुमच्याविना. अचानक सोडून गेलात.' उरलेल्या सात जणांचे पत्ते घेऊन मी दोन दिवस दारं हिंडले. सहा दारांवर तसेच कागद होते. सातव्या दारात बाई स्वतःच आली, मुलीकडे वार्नाला गेले होते म्हणाली. तिला मिठी मारावीशी वाटली. बाकीच्यांचं अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, आम्ही मात्र फोन लावत बसलो होतो.

प्रोफेसरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"फोन केले होते ना?"

"मेलेली माणसं फोन कसा उचलतील, सर?"

"अगं विहरा, म्हातारी माणसं मरतात. जुन्या गोळीवरचीही मरतात."

"जुन्या गोळीवरचा तो एक सोफियाला राहायला गेलाय. शेजाऱ्यांनी सांगितलं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग समजुतीच्या सुरात सांगू लागले, की दारावरचा कागद म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे, कुठलं नियतकालिक तो मानेल? दाखले मागवायचे तर नैतिकता समितीची परवानगी, म्हणजे वर्ष गेलं. निबंध सोमवारी गेला नाही तर कंपनीचे पैसे थांबतील, विभाग बंद होईल, आणि पहिली खुर्ची कोणाची जाईल हे मला कळत असेलच. मी उठले तेव्हा ते खाली बघूनच म्हणाले, "चौऱ्याण्णव नंबर तुझी मावशी ना? तिच्या गोळ्या बंद कर म्हणावं."

म्हणजे त्या गोळीचं त्यांना आधीच माहीत होतं. त्या क्षणी मला त्यांची भीती वाटली, आणि मी काही न बोलता बाहेर पडले याची त्याहून जास्त.

सोमवारी सकाळी मी निबंध पाठवला. चौकोनात आठ आणि एक तसेच राहिले. तिथून थेट मावशीकडे गेले, टेबलावरची डबी उचलून पर्समध्ये टाकली आणि म्हटलं, या आता बंद, तुझी जुनीच बरी. मावशीने आयुष्यभर शाळा चालवली आहे, तिला गंडवणं सोपं नाही. तिने विचारलं, लिहिताना काही सापडलं का? मी म्हटलं, छे, तुला मानवत नाहीत एवढंच. परवा तर दाब झकास म्हणालीस, ती म्हणाली. मी कॉफी ढवळत बसले.

"मग समोरच्या स्तोयान्कालाही सांगते, बंद कर म्हणून. तीही तीच घेते."

स्तोयान्का बोलकी. ती लगेच रादकाला फोन करणार, रादका विचारणार कोणी सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत माझं नाव चाकारोवांच्या टेबलावर.

"नको," मी म्हटलं. "तिचं ती विचारेल डॉक्टरांना."

मावशीने उठून कपाटातून दुसरी डबी काढली. कंपनीने तीन महिन्यांच्या एकदम दिल्या होत्या, हे मी विसरलेच होते. तिने एक गोळी तळहातावर घेतली, पेल्यात पाणी ओतलं आणि माझ्यासमोर बसली.

"स्तोयान्काला चालते, तर मलाही चालेल. नाहीतर काय ते सांग."

मेलेल्या सातही जणांची नावं मला पाठ होती. मी तोंड उघडलं, आणि सोमवार, खुर्ची, निबंध आठवून मिटलं.

तिने पुरेसा वेळ वाट पाहिली. मग गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायली.