उजवीकडचे पट्टे

डॉक्टरबाईंनी पडद्यावरचं एमआरआयचं चित्र मोठं केलं आणि लहान मेंदूच्या उजव्या अर्ध्यावर माउस थांबवला. एकाआड एक काळे-पांढरे पट्टे, वाघाच्या अंगावर असतात तसे.

"हललीय ती मुलगी," टेक्निशियन मागून म्हणाला. "बजावून सांगितलं होतं. हल्लीची तरुण मुलं दोन मिनिटं गप्प पडतील तर शपथ! परत घेऊ?"

"नको. हलली असती तर सगळंच चित्र विस्कटलं असतं. हे पट्टे एकाच बाजूला आहेत."

असे पट्टे त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिले होते, एका बाईच्या एमआरआयमध्ये, अठरा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी. तेव्हा 'रुग्ण हलल्यामुळे चित्र अस्पष्ट' असं लिहून त्या मोकळ्या झाल्या होत्या. पुढे एका पुस्तकात हुबेहूब तेच चित्र दिसलं, खाली एका गाठीचं नाव होतं. त्या बाईचा पत्ता शोधत गेल्या, तर दाराला कुलूप. तिचा चेहरा आता आठवत नव्हता. पट्टे मात्र डोळे मिटले की समोर येत. कुणाला सांगायची हिंमत त्यांना कधी झाली नाही.

मुलीला त्यांनी आपल्या खोलीत बोलावलं. चोवीस वर्षांची, चक्कर येते म्हणून आलेली. खुर्चीच्या काठावर बसली.

"गाठ आहे, पण कॅन्सर नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सावकाश वाढते, ऑपरेशन करता येतं. फार क्वचित दिसते ही. पण ज्या बाईला ही असते, तिला पुढे स्तनाचा कॅन्सर व्हायची भीती असते. म्हणून दरवर्षी तपासून घ्यायचं. घरात कुणाला होता?"

"आईला. फार उशिरा कळलं. मी दहा वर्षांची होते."

"त्यांनाही चक्कर यायची?"

"सारखी. इथेच डोक्याचा एमआरआय काढला होता तिचा. तुम्ही हललात, म्हणाले, काही दिसत नाही. पुन्हा काढायला ती आलीच नाही, लाजली." मुलगी किंचित हसली. "शेवटपर्यंत सांगायची, अगं, मी श्वाससुद्धा जपून घेत होते. आम्ही चिडवायचो तिला."

डॉक्टरबाईंना उठून निघून जावंसं वाटलं. गप्प राहिल्या असत्या तर कुणालाही कळलं नसतं.

"त्या हलल्या नव्हत्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो रिपोर्ट मी लिहिला होता."

मुलीने पर्स मांडीवर ओढून घेतली, पण उठली नाही.

"मग माझा कोण लिहिणार?"