अडचण नाही

रोजच्यासारखीच सकाळ होती. डबा भरून झाला, पिशवी खांद्याला लागली, पण चप्पल काही केल्या पायात जाईना. सातव्या महिन्यात पाय असे सुजले होते, की अंगठा आत गेला तर टाच बाहेर.

"काही त्रास होतोय का गं?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"छे हो आई, काही नाही," असं म्हणत सुनेनं नवऱ्याच्या ढगळ चपला अडकवल्या आणि ती सटकली. डॉक्टरीणबाईंनी कालच बजावलं होतं, रक्तदाब वाढलाय, फार वेळ उभं राहिलात तर बाळाला धोका आहे. हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसात तर नाहीच नाही.

ऑफिसात तिला सगळे भिंग म्हणत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे तिचं काम. दोन वर्षांपूर्वी तिथं 'अजाइल' पद्धत आली होती. पद्धत चांगली होती, हे भिंगालाही मान्य होतं. काम लहान लहान तुकड्यांत करायचं, दर पंधरवड्याला गिऱ्हाइकाला दाखवायचं, आणि रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या सांगायचं, की काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय. उभं राहायचं ते बोलणं आटोपतं व्हावं म्हणून. पण चांगल्या गोष्टीचं कर्मकांड व्हायला कितीसा वेळ लागतो! पंधरा मिनिटांचा सव्वा तास झाला, उभं राहणं तेवढं कडक पाळलं जाऊ लागलं. टीमचे प्रमुख स्वतः मात्र टेबलाच्या कडेवर बसून चहा घेत. अडचण सांगणाऱ्याची अशी उलटतपासणी होई, की सगळे शहाणे 'अडचण नाही' म्हणून मोकळे होत.

त्या दिवशी तासभर उभं राहिल्यावर भिंगाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं भिंतीचा आधार घेतला.

"अडचण?" प्रमुखांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी पिशवीतून डबा काढताना सासूबाईंच्या हाती डॉक्टरांची चिठ्ठी लागली. त्या रागावल्या नाहीत. परातीत कोमट पाणी घेऊन त्यांनी सुनेचे पाय त्यात ठेवले आणि तिथंच खाली बसल्या.

"मी शाळेत शिकवत होते तेव्हा बाईंनी वर्गात खुर्चीवर बसायचं नाही, असा हेडमास्तरांचा नियम होता. तुझ्या नवऱ्याच्या आधी मला मुलगी होणार होती. असाच सातवा महिना. सहा सहा तास उभी असायचे, आणि कुणी विचारलं की म्हणायचे, काही त्रास नाही." त्या थांबल्या. "गेली गं ती. नियम त्यांचा होता, पण तोंड तर माझं होतं ना?"

सुनेला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे गोल करून उभे राहिले, तेव्हा भिंगानं आपल्या टेबलाची चाकांची खुर्ची करकरत मधोमध ओढली आणि ती बसली.

"हे काय? उभं राहायचं असतं इथं," प्रमुख म्हणाले. "पद्धत म्हणजे पद्धत."

"पद्धत पंधरा मिनिटांची आहे, सर." नोकरी गेली तर काय, हे मनात येऊन गेलं, पण ती उठली नाही. "रोज अडचण विचारता, आज सांगते. जास्त वेळ उभी राहिले तर माझ्या बाळाच्या जिवाला धोका आहे. आणि सर, तुम्ही तर दोन वर्षं बसूनच आहात."

कुणीतरी उगाच खोकलं. मग एक प्रोग्रामर, ज्याला सगळे मौनीबाबा म्हणत, तो चक्क बोलला.

"माझीही अडचण आहे, सर. तीन आठवडे 'झालंच' म्हणून सांगतोय, ते काम अर्धंसुद्धा झालेलं नाही. मला एकट्याला जमत नाहीये."

"मग आधी का नाही सांगितलंस?" प्रमुख कडाडले.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, बहुधा त्यांनाही, कारण ते हळूच टेबलावरून खाली उतरले. त्या दिवशी सगळं अकरा मिनिटांत आटोपलं आणि दोघं जण मौनीबाबाच्या मदतीला जाऊन बसले.

"काही त्रास?" संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं.

"हो आई. पाय ठणकतायत. आणि नोकरी राहते की जाते, याची धास्ती वाटतेय."

सासूबाईंनी परात काढली.

वाचकहो, तुमच्या घरात, तुमच्या ऑफिसात 'अडचण नाही' असं रोज कोण म्हणतं? उद्या पुन्हा विचाराल, तेव्हा आधी त्या माणसाला बसायला द्या.