चौकटीखालची तारीख

मित्रांनो, मिनेसोटातल्या एका छोट्या गावात भिंतीवर टांगलेला मी जुना परवाना आहे. हिशेब तपासणाऱ्याचा परवाना. राज्याच्या मंडळाने मला व्हर्नन क्राउसे यांच्या हाती दिले, तेव्हा त्यांच्या बायकोने आठवडाभर रोज माझी काच पुसली. माझा सोनेरी शिक्का पाहूनच लोक खुर्चीत बसत. मला गर्व होता, खोटे कशाला बोलू?

माझे आयुष्य तीनच वर्षांचे. व्हर्नन ठरावीक तास वर्गात बसून आले की माझ्या तळाशी नव्या तारखेची पट्टी लागे. पण वर्ग हिवाळ्यात असत, आणि तळे गोठले की व्हर्नन बर्फाला भोक पाडून मासे धरत बसत. एका वर्षी पट्टी आलीच नाही. त्यांनी मला रुंद काठाच्या चौकटीत बसवले आणि संपलेली तारीख काठाखाली गेली. लोकांची कराची विवरणपत्रे भरून द्यायला परवाना लागत नाही, त्यामुळे धंदा चालू राहिला.

पाच वर्षांनी मार्लिस ट्वेड्ट नोकरी मागायला आली. नुकतीच पदवी मिळालेली. परवान्यासाठी तिच्यापुढे दोन वाटा होत्या: अजून एक वर्ष शिकून मग एक वर्ष काम, नाहीतर परवानाधारकाच्या हाताखाली सलग दोन वर्षे काम. विद्यापीठाने फी माफ करून जागा देऊ केली होती.

“अजून शिकून काय दिवे लावणार आहेस?” व्हर्नन म्हणाले. “पुस्तक वाचून पोहता येतं का कुणाला? दोन वर्षं माझ्याकडे राब, मग अनुभवाच्या दाखल्यावर माझी सही घे.”

“सहीचं नक्की ना?”

“भिंतीवर काय टांगलंय, दिसत नाही?”

तिने माझ्याकडे पाहिले आणि विद्यापीठाला नकार कळवला. मला फार वाईट वाटले, पण कागदाला तोंड नसते.

दोन वर्षे ती अर्ध्या पगारावर घाण्याच्या बैलासारखी राबली. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन होते त्या दिवशीही आली. व्हर्नननी हसत सही केली. तीन आठवड्यांनी मंडळाचे पत्र आले: सही करणाऱ्याचा परवाना सात वर्षांपूर्वीच संपला आहे, हा अनुभव धरता येणार नाही.

“तुम्हाला माहीत होतं?”

“तू कधी तारीख विचारलीस?” सँडविच चावत ते म्हणाले. “समज, हाही एक अनुभव.”

विद्यापीठाची जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती. तिने मला खिळ्यावरून काढले, चौकट उघडली, तारीख वाचली आणि कोट घालून निघून गेली. व्हर्नननी मला पुन्हा चौकटीत घातले आणि काच पुसली.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी भिंतीवर दिसला तर त्याचा शिक्का पाहू नका, चौकट उघडून बघा. काल एक नवी मुलगी आली होती. व्हर्नननी तिला पोहण्याची तीच गोष्ट सांगितली. ती माझ्याकडे पाहून हसली. सोमवारपासून ती कामाला येणार आहे.