सुरूच्या शेंड्यावर

भात झोडून झालं की जव्हारकडच्या डोंगरातली माणसं कामासाठी खाली किनाऱ्याकडे उतरतात. अंकुश यंदा पहिल्यांदाच उतरला, तोही लाकूडतोडीला. सोबत त्याचा काका बुधा होता. दातिवऱ्याला समुद्रालगत भगवंतशेठची सुरूची बाग होती. होळीच्या आत ती सगळी तोडायची होती.

अंकुशने तोवर समुद्र पाहिला नव्हता. पहाटे ताडपत्रीच्या झोपडीत गारठून जाग आली की सुरूच्या झाडांतून वारा घोंगावत असायचा. हा आवाज झाडांचा की लाटांचा, हे त्याला बरेच दिवस कळत नव्हतं. अंगाने हलका म्हणून वर चढून दोर बांधायचं काम त्याच्याकडे आलं. खालून बाकीचे गडी दोर ताणून धरत आणि मुकादम शैलेश बुंध्याला करवतीचं मशीन लावी.

पौषातल्या एका सकाळी तो बागेतल्या सगळ्यात उंच झाडावर चढला. शेंड्याजवळ काटक्यांचा खाटेएवढा ढीग होता. त्याने मान वर करून पाहिलं, तर आत मळकट पिसांचं, कोंबड्याएवढं पिल्लू बसलं होतं. ते घाबरलं नाही. त्याच्याकडे बघत राहिलं.

मग डोक्यावर सावली पडली. अंकुश फांदीला बिलगला. पांढऱ्या पोटाचा भलामोठा पक्षी इतक्या जवळून गेला, की पंखांचा वारा त्याच्या गालाला लागला. पक्ष्याच्या पायात साप लोंबत होता. सापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी होती. आणि पक्ष्यामागे क्षितिजापर्यंत उन्हात चमकणारं पाणी. अंकुशला हात हलवता येईना. भीती नव्हती ती. गावदेवापुढे उभं राहिल्यावर व्हायचं, तसं काहीतरी होतं.

"काय झाला रे? दोर बांध की," शैलेश खालून ओरडला.

अंकुश दोर न बांधताच उतरला. "वर पिल्लू हाय," तो म्हणाला. "मी नाय बांधनार."

"मग दुसरा कोनी चढेल."

"चढू दे. पन आदी वर बघा जरा."

पक्षी घरट्यावर उतरून सापाचे तुकडे तोडत होता. पिल्लू मान उंचावून एकेक घास घेत होतं. शैलेश मान वर करून उभा राहिला. त्याने मशीन वाळूवर ठेवलं आणि शेठला फोन लावला.

भगवंतशेठ दुपारी माकुणसारहून आले. बराच वेळ वर बघून म्हणाले, "एवढं एक राहू दे."

"शेट, एकटं झाड वाऱ्याला टिकनार नाय," बुधा म्हणाला. "बाजूची बी ठेवायला लागतील."

शेठनी हाताने भोवतालची रांग दाखवली. "ठेवा."

बाकीची बाग उतरत गेली. माघ सरता सरता फक्त ती रांग उभी राहिली, आणि झोपडीतून थेट समुद्र दिसू लागला. एका सकाळी सगळे ओंडके ट्रकमध्ये चढवत होते. तेवढ्यात पिल्लू घरट्याच्या काठावर आलं आणि त्याने पंख पसरले. खालून वारा आला. ते उडालं नाही. वाऱ्यानेच त्याला उचललं, आणि ते घरट्याच्या वर, हवेत नुसतं थांबून राहिलं.

अंकुशच्या खांद्यावर ओंडका होता, तो खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. मग पिल्लू एका अंगाला कललं आणि लाटांवरून दूर निघून गेलं.