गप्प न बसणारी ग्रंथी

गदगच्या खानावळीत नीलव्वाच्या भाकरीला तोड नव्हती. पण दोन वर्षांपासून तिची हाडं ठणकत होती. दुपारपर्यंत अंग गळून जायचं, ओळखीच्या माणसांची नावं आठवायची नाहीत. त्यात मुतखडा तिसऱ्यांदा झाला. "वय झालं माझं," असं म्हणून ती विषय संपवायची.

"अत्ते, त्रेपन्न म्हणजे काय वय? शेजारची आज्जी ऐंशीची आहे, अजून नळावर भांडते," असं म्हणत सून अक्षतानं तिला एक दिवस हुबळीला नेलंच.

डॉक्टर अंगडीबाई रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाल्या, "कॅल्शियम फार वाढलंय."

"मग बरंच की! हाडं मजबूत होतात म्हणे."

"हाडांत राहिलं तर. तुमचं हाडांतून निघून रक्तात येतंय. पुन्हा रक्त द्या. या वेळी कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडचं हार्मोन दोन्ही एकदम तपासू."

दोन दिवसांनी बाईंनी समजावलं, "गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की त्या हार्मोन सोडून ते हाडांतून ओढून घेतात. वाढलं की त्यांनी गप्प बसायचं. तुमची एक काही गप्प बसत नाही."

"अत्तेंचीच ना ती!" अक्षता पुटपुटली.

नीलव्वानं डोळे वटारले, हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. तिची आई शेवटी पोटच्या पोरांनाही ओळखत नव्हती. आपलंही तेच होणार, ही धास्ती तिनं कुणापाशी बोलून दाखवली नव्हती.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"कॅल्शियम वाढलं की विसरायला होतं. ग्रंथी काढली की बरंच सुधारेल," बाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या टेबलावरच तिचं रक्त पुन्हा तपासायला गेलं. ती शुद्धीवर आल्यावर बाईंनी सांगितलं, "आधी हार्मोन दोनशे दहा होतं. ग्रंथी काढल्यावर दहा मिनिटांत तीसवर आलं. बरोब्बर तीच सापडली!"

दुसऱ्या दिवशी ओठांना मुंग्या आल्या, तशी नीलव्वा घाबरली. नर्सनं रक्त नेलं. कॅल्शियम थोडं खाली गेलं होतं.

"भुकेली हाडं आता हक्काचं परत ओढून घेतायत," गोळ्या देत नर्स म्हणाली.

सहा महिन्यांनी दोन्ही आकडे जागेवर आले. गुडघा अजून कुरकुरायचा, पण दवाखान्याच्या पायऱ्या नीलव्वा कठडा न धरता उतरली.

"बस सुटेल, अत्ते!"

"सुटू दे. दुसरी येईल. आधी चुरमुऱ्यांचं गिरमिट खाऊ, आणि मिरची भजी मला दोन."